उडी मारताना मुलाचे लक्ष कोठे असावे?

(बोईसर परिसरातील प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



शारीरिक शिक्षणाचा तास आपल्या वेळापत्रकात बहुधा शेवटी येतो आणि नेमकी त्याच वेळी कोणती तरी माहिती वर पाठवावयाची असते. मग मुले मैदानावर आणि गुरुजी व्हरांड्यात कागद घेऊन बसलेले, असे दृश्य दिसते. कोणास दोष द्यावा म्हणून हे सांगत नाही. दोनशिक्षकी शाळेत मीही तसेच केले आहे. परंतु आज मला त्या तासाविषयी बोलावयाचे नाही. केंद्राच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या म्हणजे आधीच्या आठपंधरा दिवसांत आपण मुलांना जी वाक्ये सांगतो, त्या वाक्यांविषयी बोलावयाचे आहे. "गुडघा वर घे", "हात सरळ ठेव", "चवड्यावर पळ", "कमरेत वाक" अशी ही वाक्ये. ती आपल्या तोंडी इतकी बसली आहेत की, ती सांगावी की न सांगावी असा प्रश्नच आपणांस पडत नाही. मला तो पडला. पुस्तक वाचून नव्हे, एका मुलीचे नुकसान केल्यावर पडला.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी समुद्रकाठच्या एका शाळेत होतो. पाचवीत एक मुलगी होती. घरून शाळेस येताना तिला वाटेत एक ओहळ लागे. पावसाळा सरला म्हणजे तो आटून अरुंद होई आणि मुले तो उडी मारून ओलांडीत. इतर मुले ओलांडण्यास अरुंद जागा शोधीत. ही मुलगी रुंद जागा शोधी. केंद्राच्या स्पर्धेत ती लांब उडीत सहज पहिली आली. आता बीटस्तरावर जावयाचे म्हणून मी तिला 'शिकविण्यास' आरंभ केला. एक जुने पुस्तक मिळविले, त्यातून सात सूचना काढल्या आणि रोज मधल्या सुट्टीत तिच्याकडून म्हणवून घेऊ लागलो. नजर समोर, शेवटचे पाऊल आखूड, उडीचा पाय पूर्ण टेकव, दुसरा गुडघा कमरेइतका वर, दोन्ही हात वरून पुढे, छाती ताठ, उतरताना पाय लांब. त्यांतील एकही सूचना चुकीची नव्हती, हे मुद्दाम सांगतो. मुलगी हुशार, तिने त्या सातही सूचना पाढ्यासारख्या पाठ केल्या.

स्पर्धेच्या दिवशी तिची पहिली उडी बाद झाली. दुसऱ्या वेळी ती फळीजवळ येता येता मंदावली, पावले मोजू लागली, आणि उंबरठा ओलांडावा तशी पलीकडे गेली. तिसरी त्याहून वाईट. ओहळावर दप्तर पाठीस लावून ती जेवढी उडी घेत असे तेवढीही ती नव्हती. मी रागावून विचारले, "लक्ष कुठे होते तुझे?" ती काही बोलली नाही. खरे म्हणजे तिचे लक्ष मी जेथे ठेवावयास सांगितले होते तेथेच होते. ते तिच्या गुडघ्यात होते.

पुढील वर्षी तिने नाव दिले नाही. मध्ये बोईसर स्थानकावर ती भेटली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते, तिची मुलगी आता शाळेत आहे. बोलता बोलता हसून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या त्या सात सूचना मला अजून पाठ आहेत." तिला वाईट वाटावयाचे नव्हते. मला वाटले.

हे एकट्या मुलीचे किंवा एकट्या माझ्यासारख्या गुरुजींचे नाही, याची खात्री पटविणारी एक गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्याकडे आपण या दृष्टीने पाहिलेले नसते. १९८४ साली अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्याकडे प्रथम गेला. मोठा भाऊ अजित बरोबर होता. आचरेकरसर जाळ्याशी उभे राहून पाहत असता सचिनला नेहमीसारखे खेळता येईना. एरवी सोसायटीच्या आवारात सहज खेळणारा मुलगा, पण कोणी परीक्षा घेत आहे म्हणताच अवघडला. अजित यांनी सरांना विनंती केली की, आपण जरा दूर जावे, निघून गेल्यासारखे करावे आणि मुलाच्या नजरेआड राहून पाहावे. सरांनी तसे केले. सर गेले असे वाटताच मुलगा मोकळा खेळू लागला आणि त्याला प्रवेश मिळाला. त्या अर्ध्या तासात त्याच्या फलंदाजीत काहीच बदल झालेला नव्हता. बदललेली होती ती त्याच्या लक्षाची जागा. आधी ते स्वतःवर होते, नंतर ते चेंडूवर गेले.

याच आचरेकरसरांची दुसरी युक्ती अशी की, सरावाच्या अखेरीस ते मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. सचिनला जो बाद करील त्याचे नाणे. कोणालाच जमले नाही तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जिंकली आणि ती त्याने जपून ठेवली आहेत. आपण या गोष्टीकडे बक्षिसाची गोष्ट म्हणून पाहतो. मला तीत दुसरेही काही दिसते. दमलेल्या मुलाला त्या वेळी कोपर कोठे, पाय कोठे हे काहीच सांगितले जात नसे. सगळ्यांचे डोळे त्या नाण्यावर. हात आणि पाय आपापले काम करीत.

आता शास्त्राकडे वळू. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास गाब्रिएले वुल्फ या जर्मन विदुषीने केला. त्यांना वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या फळीवर उभे राहून पाण्यावर फिरण्याचा छंद होता. वळण घेताना पायाचा दाब कसा द्यावयाचा याचा विचार केला की तोल जाई. फळी कशी कलते याचा विचार केला की वळण नीट साधे. हा अनुभव त्यांनी तेवढ्यावर सोडला नाही. १९९८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावरील घसरगुंडीचा सराव करण्याचे एक यंत्र असते. त्यात रुळांवर चाकांचा एक पाट डावीकडे उजवीकडे सरकतो आणि शिकणारा त्यावर उभा राहतो. एका गटास सांगितले की, बाहेरच्या पायाने जोर द्या. दुसऱ्या गटास सांगितले की, बाहेरच्या चाकांवर जोर द्या. तिसऱ्यास काहीच सांगितले नाही. चाके होती पायांच्या अगदी खाली. म्हणजे प्रत्यक्ष कृती एकच. तरी चाकांचा विचार करणारा गट पुढे गेला. पायांचा विचार करणाऱ्या गटास त्या सूचनेचा लाभ झाला नाही. ज्यांना काहीच सांगितलेले नव्हते त्यांच्याहूनही तो वरचढ ठरला नाही. आपल्या धंद्याच्या दृष्टीने शेवटची गोष्ट जरा बोचणारी आहे, म्हणून ती मी पुन्हा सांगत नाही.

यानंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. गोल्फ शिकणाऱ्यांना हात कसे फिरतात याऐवजी काठीचे टोक कसे फिरते ते पाहावयास सांगितले. बास्केटबॉल टाकणाऱ्यांना मनगटाऐवजी कडे पाहावयास सांगितले, आणि दंडाच्या स्नायूंतील विद्युत्‌प्रवाह मोजला. कड्याकडे लक्ष असताना नेम तर सुधारलाच, पण स्नायूंची हालचालही कमी लागली, म्हणजे काम कमी श्रमात झाले. हा प्रयोग २००५ सालचा. आपल्याला जवळचा प्रयोग उभ्याने लांब उडीचा आहे. २०१० साली जेरेड पोर्टर व सहकाऱ्यांनी १२० विद्यार्थ्यांस दोन गटांत घेतले. एकास "गुडघे शक्य तितक्या वेगाने सरळ करा" असे सांगितले. दुसऱ्यास "आरंभरेषेपासून शक्य तितके दूर जा" असे सांगितले. दुसऱ्या गटाची उडी सरासरीने सुमारे दहा सेंटिमीटर अधिक लांब भरली. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्या आणि चौथ्या क्रमांकात यापेक्षा कमी अंतर असते, हे परीक्षक म्हणून बसलेल्यांना ठाऊक आहे.

असे का व्हावे? वुल्फ यांचे म्हणणे असे की, अंगात मुरलेली किंवा मुरू लागलेली हालचाल शरीर आपल्या रीतीने चालवीत असते. मनाने मध्येच येऊन एकेका अवयवास हुकूम देण्यास आरंभ केला म्हणजे ती रीत मोडते आणि हालचाल आखडते. यासाठी परदेशी यंत्रांची आवश्यकता नाही. जव्हार-मोखाड्याच्या चढणीवर डोक्यावर दोन हंडे घेऊन येणाऱ्या बाईस "तुमची मान कशी धरता ते सांगा" असे विचारून पाहावे. ती आधी थांबेल आणि मग सांगेल. किंवा आपलेच पाहा. नोंदवहीत दिवसातून वीस सह्या आपण बिनबोभाट करतो. पण बँकेत "नमुन्याप्रमाणे सही करा" असे कारकुनाने म्हटले की तीच सही वाकडी येते आणि पुन्हा करावी लागते. हात तोच आणि पेनही तेच. लक्ष मात्र कागदावरून उठून बोटात आलेले असते.

द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी ठेवून शिष्यांना काय दिसते ते विचारले, ही कथा आपण चौथीच्या वर्गात दरवर्षी सांगतो. अर्जुनाचे उत्तर आपण मुलांकडून घोकून घेतो. परंतु गुरूने कोपराविषयी एक शब्दही काढला नाही, तर एक प्रश्न विचारला, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्याच ग्रंथात मातीच्या मूर्तीपुढे बसून शिकलेला दुसराही एक धनुर्धर आहे. त्याचे पुढे काय झाले ते आपल्या जिल्ह्यात मी सांगावयास नको.

आता मी एका स्थानिक गोष्टीकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या शाळांत या विषयाचे महत्त्व तेथे आहे. आपल्या पहिली-दुसरीच्या वर्गात वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी घरांतील मुले येतात. सातपाटी-चिंचणीकडे मांगेला व वैती घरांतील येतात. बोईसरच्या वसाहतीजवळच्या शाळांत उत्तरप्रदेश-बिहारहून आलेल्या कामगारांची मुलेही येतात. या मुलांची घरची बोली निरनिराळी. मनगट, घोटा, चवडा, मांडी, कंबर हे शब्द आपणांस सोपे वाटतात. पण प्रमाण मराठीतील अवयवांची नावे घरच्या बोलीत तीच असतील असे नाही. "चवड्यावर पळ" म्हटल्यावर मूल प्रथम शब्दाचा अर्थ शोधते, मग आपल्या अंगावर तो अवयव शोधते, मग त्याला काय करावयाचे ते आठवते. एवढ्यात शिट्टी झालेली असते. उलट मैदानाच्या टोकास आंब्याचे झाड दाखवून "त्या झाडाला हात लावून ये" म्हटले, तर त्यात न समजण्यासारखे काय आहे? दाखविता येणारी जागा कोणत्याही बोलीत समजते. खेळात मागे पडलेले मूल पुष्कळदा पायाने मंद नसून आपल्या शब्दांनी मंदावलेले असते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

खाडीत पाग टाकणाऱ्या माणसाकडे मी पुष्कळदा उभा राहून पाहिले आहे. जाळे हातावर घेणे, अंगाला झोका देणे, ते पाण्यावर गोल उघडेल असे सोडणे ही हालचाल आपल्या लांब उडीहून कितीतरी अवघड आहे. बाप मुलास शिकवितो तेव्हा तो खांद्याविषयी व्याख्यान देत नाही. मुलाने शेकडो वेळा पाहिलेले असते. मग बाप पाण्याकडे बोट करतो: तिथे टाक. चुकले तर म्हणतो, कड दुमडली. मुलाचे डोळे जाळ्याच्या कडेवर असतात. दहाव्या-अकराव्या वर्षी ते मूल जाळे गोल उघडते आणि आपल्या शाळेत मात्र त्याला "चेंडूफेकीत गती नाही" असा शेरा मिळतो.

इतके ऐकून आपणांपैकी काहीजण उद्यापासून गुडघा हा शब्दच उच्चारावयाचा नाही असे ठरवतील. तसे करू नये. या विषयाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी खाली बसलो तर तो आपला विश्वासघात होईल.

पहिली गोष्ट म्हणजे नवशिका आणि सरावलेला यांत फरक आहे. २००२ साली सियान बायलॉक व सहकाऱ्यांनी फुटबॉल पायाने खेळवत नेणाऱ्यांचा प्रयोग केला. सरावलेल्या खेळाडूंना स्वतःच्या पायाकडे लक्ष देण्यास लावले तेव्हा त्यांचा खेळ बिघडला; परंतु नवशिक्यांना मात्र पायाकडे लक्ष देण्याने मदतच झाली. दुसरी गोष्ट मुलांविषयी आहे. २००८ साली भिंतीवरील लक्ष्यावर बाण फेकण्याचा एक प्रयोग प्रौढ आणि मुले अशा दोघांवर झाला. प्रौढांना लक्ष्याकडे पाहण्याचा लाभ झाला. मुलांचे उलट दिसले. हाताच्या हालचालीकडे लक्ष देणारी मुले पुढील चाचणीत सरस ठरली. म्हणजे ज्या वयाची मुले आपल्यासमोर असतात त्याच वयाविषयी पुरावा एका बाजूचा नाही.

तिसरी गोष्ट याहून मोठी आहे. २०२१ साली वुल्फ यांच्यासह काही संशोधकांनी या विषयावरील प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला आणि बाहेर लक्ष ठेवणेच श्रेष्ठ, असा निर्णय दिला. २०२४ साली ब्रॅड मॅके व सहकाऱ्यांनी त्याच क्षेत्राचा फेरहिशेब केला. त्यांचे म्हणणे असे की, ज्या प्रयोगांत अपेक्षित उत्तर आले तेच अधिक छापले गेले, इतर पेटीत पडून राहिले. ही त्रुटी धरून पाहिले तर बाहेर लक्ष ठेवण्याचा म्हणून जो लाभ सांगितला जातो त्यातील फारच थोडा उरतो. पंचवीस वर्षे पाठ्यपुस्तकात असलेल्या गोष्टीविषयी असे म्हणण्यास धैर्य लागते. हा वाद आज मिटलेला नाही. म्हणून मघाशी सांगितलेले दहा सेंटिमीटर उद्या आपल्या शाळेत मिळतीलच, असे कोणी आपणांस सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. त्यात मीही आलो.

मग हाती काय राहते? माझे मत सांगतो. ते मत आहे, सिद्धांत नव्हे. लक्ष आत असावे की बाहेर, हा वाद पंडितांनी चालवावा. आपल्या मैदानावरील दोष त्याहून साधा आहे: आपण फार बोलतो. सात सूचना एकाच वेळी पाळणे कोणत्याही मनुष्यास शक्य नाही, मग त्या आतल्या असोत की बाहेरच्या. माझ्या त्या विद्यार्थिनीस मी सात जागा दाखविल्या असत्या तरीही ती पडलीच असती. म्हणून एका वेळी एक सूचना. आणि ती सूचना मुलाला डोळ्यांनी पाहता येईल किंवा कानांनी ऐकता येईल अशी असेल तर ती कळण्यास सोपी, पाळण्यास सोपी, आणि पाळली की नाही हे मुलाला स्वतःलाच समजते. शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. गुडघा कमरेइतका वर गेला की नाही, हे मुलाला गुरुजींना विचारावे लागते. वाळूतली खूण मागे पडली की नाही, हे विचारावे लागत नाही.

याचा अर्थ गुरुजींना शरीराचे ज्ञान नको असा नाही. उलट अधिक हवे. गुडघा वर येत नाही हे गुरुजींनीच पाहावयाचे; परंतु मुलाला ते न सांगता, गुडघा आपोआप वर येईल अशी जागा किंवा वस्तू त्याच्यापुढे ठेवावयाची. उडी सपाट जाते असे दिसले तर फळीपुढे दोन हातांवर दोघा मुलांनी नारळाची सुंभाची दोरी गुडघाभर उंचीवर सैल धरावी आणि "दोरीवरून जा" एवढेच म्हणावे. दोरी सैलच असावी. पाय लागला तर हातातून सुटली पाहिजे, मूल पडता कामा नये. धावताना पाय आपटत असतील तर "तुझ्या पावलांचा आवाज मला येऊ देऊ नकोस" असे सांगून पाठ फिरवून उभे राहावे. ही सूचना मी पुष्कळदा वापरतो. मुलांना तिची गंमत वाटते. धावण्याच्या आरंभी मूल एकदम उभे राहत असेल तर "खांदे खाली" म्हणण्यापेक्षा "जमीन मागे ढकल" म्हणावे.

खोखोत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, आणि खोखो हा आपला खेळ आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर त्याचे नियम प्रथम बांधले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही विजयी संघांचे नायकत्व महाराष्ट्राच्या प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे यांच्याकडे होते. चौकोनात बसलेल्या आठ गड्यांची तोंडे आलटूनपालटून विरुद्ध दिशांस असतात. बसलेल्या मुलाला आपण सांगतो: टाच उचल, हात जमिनीवर, एक पाय मागे. बसण्याची ही रीत सुरुवातीस एकदा शिकवावी लागते हे खरे. ती शिकविल्याविना गत्यंतर नाही. पण खेळ चालू झाल्यावरही आपण रेषेबाहेरून "टाच! टाच!" असे ओरडत राहतो आणि मूल मान खाली घालून टाचेकडे पाहते. तेवढ्यात पळणारा त्याच्या नाकासमोरून जातो, पाठीवर हात पडतो, आणि उठावयाचे कोणत्या बाजूस हे त्याला ठाऊक नसते. त्याऐवजी सरावात एक खेळ घ्यावा. बसलेल्या आठही जणांनी पळणाऱ्याकडे बोट दाखवीत राहावयाचे, तो कोठेही जावो. बोट आणि पळणारा यांचा संबंध तुटला नाही म्हणजे टाच आपोआप उचललेली राहते. कारण फतकल मारून बसलेल्यास मागे वळून बोट दाखविता येत नाही.

कबड्डीविषयी थोडेच सांगतो, कारण येथे माझ्याहून जाणकार बसले आहेत. चढाई करणारे नवे मूल मध्यरेषेकडे सारखे वळून पाहते आणि तेथेच धरले जाते. त्याला "पाय हलते ठेव" असे सांगून उपयोग होत नाही असा माझा अनुभव आहे. "कोपऱ्यातल्या गड्याच्या पायाला हात लावून ये" एवढे एक काम दिले तर पाय हलतात.

क्रिकेटची गोष्ट काढल्याशिवाय पालघरमध्ये खेळावरील भाषण पुरे होत नाही. पालघरहून लोकलगाडीने मुंबईस जाऊन क्रिकेट शिकलेला शार्दूल ठाकूर, बोरिवलीस दिनेश लाड यांच्याकडे तयार झालेला, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत ६७ धावा काढून आणि सात गडी बाद करून आला, तेव्हापासून आपल्या गल्लोगल्लीतील मुले त्याच्यासारखी धावत येऊन रबरी चेंडू टाकतात. टाकू द्यावे. फक्त टप्पा पडावा असे वाटते तेथे एक रुमाल अंथरावा आणि हाताविषयी बोलू नये. एका जागेवर चेंडू टाकण्याचा हा सराव गोलंदाजांमध्ये फार जुना आहे, कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीचा.

एका बाबतीत मात्र शरीराविषयी स्पष्ट बोलावेच लागते, ती म्हणजे इजा. हौदात वाळू दगडासारखी बसलेली असेल तर कोणतीही सूचना उपयोगी नाही. प्रथम फावड्याने वाळू मोकळी करावी, आणि वाळू नसेल तर त्या दिवशी उडी घेऊ नये. घोटा वळलेल्या, गुडघा दुखणाऱ्या मुलास त्याच्या घोट्याविषयी व गुडघ्याविषयीच विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावर त्याला बसू द्यावे. स्पर्धेत आपल्या शाळेचे नाव जावे म्हणून दुखरे मूल उतरविण्याचे प्रकार आपण सर्वांनी पाहिले आहेत.

शेवटी एक विनंती. हा विषय पुस्तिकेत छापून येईल तेव्हा त्याचे परिपत्रक होऊ नये आणि "बाह्य लक्ष उपक्रम राबविला" अशा रकान्यात तो भरला जाऊ नये. त्यापेक्षा आपल्या शाळेत करून पाहावे. तिसरी ते पाचवीची वीसेक मुले घ्यावीत. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. हुशार मुले एका बाजूस जाऊ देऊ नयेत. एका गटास पहिल्या दिवशी उभ्याने उडी मारताना "गुडघे जोरात सरळ कर" एवढेच सांगावे, दुसऱ्यास "ती खूण ओलांड" एवढेच सांगावे आणि दोन मीटरवर चुन्याची खूण करावी. प्रत्येकाच्या पाच उड्या. दोन दिवसांनी सूचना उलट करावी, म्हणजे ज्यांना गुडघा सांगितला त्यांना खूण सांगावी. मोजणाऱ्या मुलास कोणती सूचना दिली होती ते ठाऊक नसावे. पाचवीतली मुले मोजमाप शिकतच असतात, त्यांच्याकडे टेप द्यावा. मी दोन शाळांत असे केले. काही मुलांच्या उड्या वाढल्या, काहींच्या वाढल्या नाहीत. आणि दोघी मुलींना गुडघ्याची सूचनाच मानवली. मला तर त्या दोघी भेटल्याचा आनंद झाला, कारण नाहीतर मी त्यांनाही खूणच दाखवीत बसलो असतो.

आकडे जसे येतील तसे लिहून केंद्रावर आणावेत, माझ्या म्हणण्याविरुद्ध गेले तरी आणावेत. टेपचे शून्य रेषेच्या पुढील कडेस धरावे आणि उडी वाळूतील सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत मोजावी. मागील वर्षी दोन शाळांनी टाचेऐवजी बोटापर्यंत मोजली आणि त्यावरून निष्कारण वाद झाला होता.